गप्प बसण्याचा मोबदला

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं आणि रागही आला. बरं यासाठी, की एकांकिकेसाठी एस्किलस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या ‘ओरेस्तिया’ या तीन नाटकांच्या वाटेला जाणारं आता कोण उरलंय! राग यासाठी, की तू इतके दिवस भलत्याच प्रश्नावर डोकं धरून बसली आहेस. अ‍ॅगमेम्नॉन राजा ट्रॉयच्या युद्धावर जाताना पोटच्या मुलीचा बळी देतो, परतल्यावर राणी क्लायटेम्नेस्ट्रा त्याला मारते, मुलगा ओरेस्टिस तिला मारतो; या घरात दोषी कोण? क्लायटेम्नेस्ट्राला नायिका करू की खलनायिका? शाप खरा मानू की मनाचा खेळ? अगं, तो खटला एस्किलसने तिसऱ्या नाटकात स्वतःच उभा केलाय. अथेन्सचे पंच बसले, मतं समसमान पडली, अथीनाने आपलं मत ओरेस्टिसच्या पारड्यात टाकलं म्हणून तो सुटला. जिथे देवीचा निकाल असा काठावर लागला, तिथे तू तालमीच्या हॉलमध्ये कसला निवाडा करणार?

मला एवढंच सांगायचंय की या घरात एकही गुपित फुकट राखलेलं नाही. जो जो गप्प आहे त्याच्यापाशी जा आणि विचार, बाबा रे, तोंड बंद ठेवण्याचं तुला काय मिळतंय? हिशेब मांड. मग कोण कुठे उभं राहील, कोण कोणाकडे बघणार नाही, हे तुला वहीत लिहावं लागणार नाही.

तू पहारेकऱ्याला कापलंस. म्हणे, नुसती माहिती देतो. नुसती माहिती? राजवाड्याच्या गच्चीवर कुत्र्यासारखा कोपरांवर पडून तो वर्षभर ट्रॉयकडच्या आगीची वाट बघतोय. आग दिसते, तो नाचतो आणि म्हणतो, धन्याचं दान चांगलं पडलं, माझे तीन छक्के आले. म्हणजे गड्याने आपला वाटा आधीच मोजलाय. आणि त्याच दमात म्हणतो, बाकीचं बोलत नाही, जिभेवर भला मोठा बैल उभा आहे, या घराला तोंड असतं तर त्यानेच सांगितलं असतं. राणी घरात काय करतेय हे त्याला ठाऊक आहे. राजा आला की बक्षीस, राणी राहिली तरी नोकरी. सगळं नाटक त्या एका माणसात आहे, आणि तू त्याला वेळ वाचवण्यासाठी घालवलंस.

तेच त्या म्हाताऱ्यांचं, म्हणजे आर्गॉस शहरातल्या वृद्धांच्या कोरसचं. बळी दिलेल्या मुलीची, इफिजेनियाची गोष्ट ते सांगतात तो भाग परत वाच, सावकाश. ऑलिसच्या बंदरात जहाजं अडकलेली, वारा उलटा. बाप सेवकांना हुकूम देतो, बकरीसारखी उचला तिला वेदीवर, आणि तोंड बांधा, घराला शाप देईल. केशरी वस्त्र जमिनीवर ओघळतं. पोरगी एकेकाकडे बघते. याच लोकांसमोर बापाच्या मेजवानीत ती गायलेली असते. आणि ऐन सुरीच्या क्षणी म्हातारे म्हणतात, पुढचं मी पाहिलं नाही, सांगतही नाही. पाहिलं नाही! दहा वर्षं त्याच राजाच्या नावाने मान घेत जगलेत ते. तुझ्या संहितेत इथे पार्श्वसंगीत लिहिलंय. बंद कर ते.

आता परतलेल्या राजाच्या पायाखाली राणी अंथरते त्या कापडाबद्दल. तू लिहिलंस, ‘लाल गालिचा, रक्ताचं प्रतीक.’ प्रतीक नंतर, आधी ते महागडं कापड आहे. जांभळ्या-किरमिजी रंगाचं, घरातच जपून ठेवलेलं. तो रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून निघायचा. पॉल फ्रीडलँडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये १२,००० गोगलगायींमधून जेमतेम १.४ ग्रॅम रंग काढला. त्यावरून त्या काळी एक थान रंगवायला काय लागत असेल ते बघ. अ‍ॅगमेम्नॉनला ते कळतं. आधी तो नाही म्हणतो, हा मान देवांचा. बायको विचारते, तुझ्या जागी ट्रॉयचा राजा प्रायम असता तर? मग तो विरघळतो, पण पायातलं काढायला लावतो, कारण चांदी मोजून घेतलेली चीज तुडवायची त्याला लाज वाटते. लाज वाटते आणि तरीही तो चालतो. घरातल्या जुन्या पैठणीवर अनवाणीसुद्धा पाय ठेवायला आपण कचरू. तुझ्या नटाच्या तळव्यांत तेवढं आलं तरी पुरे. आणि वर ती म्हणते, समुद्र आहे ना, तो कोण आटवणार? चांदीच्या मोलाचा रंग तिथून येतच राहील, या घराला गरिबी माहीत नाही. दहा वर्षांचा राग पोटात ठेवून ती जमाखर्च बोलतेय. हे वाक्य ओरडून म्हणायला लावलंस तर मी उठून जाईन.

त्या वेळी कॅसँड्रा, ट्रॉयहून पकडून आणलेली, भूत-भविष्य दिसणारी राजकन्या, तिथेच आहे. राजानेच सांगितलंय की लुटीतलं हे निवडक फूल सैन्याने मला दिलं. म्हणजे तीही मालच. राणी बोलते, ती उत्तर देत नाही. राणीला वाटतं, हिला ग्रीक येत नसावं. या एकाच गप्प बाईला गप्प बसून काही मिळणार नाही, बोलूनही नाही. म्हणून तिने तोंड उघडलं की घराचं सगळं बाहेर पडतं. आपलंच मांस हातात धरून बसलेली मुलं तिला दिसतात. अ‍ॅगमेम्नॉनच्या बापाने, एट्रियसने सख्ख्या भावाला त्याचीच पोरं शिजवून वाढली होती, ती ही पोरं. राज्यावरून झालेली भाऊबंदकी. म्हणून तुला सांगतो, नाटक कोकणातल्या वाड्यात नेऊ नकोस. वाटणी काय असते हे आपल्या प्रेक्षकाला सातबारा हातात दिल्याशिवायही कळतं. आर्गॉस आर्गॉसच राहू दे. आणि पोस्टरवर तो सोन्याचा मुखवटा नको. उत्खनन करताना श्लीमानला तो १८७६ मध्ये ग्रीसमधल्या मायसीनीत सापडला आणि त्याला अ‍ॅगमेम्नॉनचं नाव चिकटलं, पण तो ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याही काही शतकं आधीचा आहे. शिवाय एस्किलसचा राजवाडा मायसीनीत नाहीच.

खून दाखवायचा का, असं तू विचारतेस. नाही. ग्रीक रंगभूमीवर मारणं दाराआड व्हायचं. प्रेतं चाकांच्या फळीवर बाहेर यायची. आम्ही हे नाटक केलं तेव्हा मीही दार बंद ठेवलं. परीक्षकांपैकी एकाने लिहिलं, प्रयोगात काही घडतच नाही. पुढचे प्रयोग लागले नाहीत. माझ्या क्लायटेम्नेस्ट्राला प्रेक्षकांसमोर वार करायचा होता. मी हट्टाला पेटलो आणि तिने माझ्याबरोबर पुन्हा काम केलं नाही. तिच्यासारखी नटी मला नंतर मिळाली नाही, हे अजून सलतं. तिचं म्हणणं मानलं असतं तर... पण नसतंच मानलं. आजही नाही मानणार. वार दाखवला की प्रेक्षक सुऱ्याकडे बघतो. दार बंद असलं की बाहेर उभ्या असलेल्यांकडे बघतो, आणि मला त्याला तिकडेच बघायला लावायचं होतं. लोक म्हणतात, प्रयोग पडला. म्हणोत. त्या बंद दाराबद्दल मला विचारणारे अजून भेटतात.

तुझ्या ओरेस्टिसला तू नुसता जखमी मुलगा केलास. तो जखमी आहेच. पण दुसऱ्या नाटकात तो स्वतः कारणं मोजतो: अपोलोची आज्ञा, बापाचं दुःख आणि हातातून गेलेली मालमत्ता. तिसरं कारण तू गाळलंस. तसंच राणीच्या प्रियकराचं, एजिस्थसचं. तो शेवटी उघड सांगतो, या मेलेल्या राजाच्या पैशावर मी या नागरिकांवर राज्य करीन. आणि क्लायटेम्नेस्ट्रा, जिच्या बाजूने तू इतकी भांडतेस, ती म्हणते की घरातलं हे खूनखराब्याचं वेड गेलं तर मला मालमत्तेचा थोडासा वाटाही पुरे. थोडासा! हातावरचं रक्त वाळायच्या आत. तुझ्या बाजूला बसणारं नाही म्हणून ते वाक्य तू कापलंस. मला तीही आवडते, तुझ्याइतकीच. म्हणूनच म्हणतो, तिचाही हिशेब मांड, तिला सूट देऊ नकोस.

आता शेवटचं. दारामागून राजाची किंकाळी येते आणि बारा म्हातारे एकामागून एक बोलतात. एक म्हणतो गावाला हाक मारू, दुसरा म्हणतो आत घुसू, कोणी म्हणतो नक्की कळल्याशिवाय काय करणार. बाराजणांचं बोलून होईपर्यंत दार उघडतं आणि राणी प्रेतांपाशी उभी असते. तू या बारांचा एक म्हातारा केलास. एक माणूस घाबरला तर तो भित्रा. बारा जण पाळीपाळीने बोलत राहिले की ती सभा होते, आणि सभेत प्रत्येकाला आपली जागा राखायची असते. नट कमी असतील तर सहा घे, पाच घे, पण प्रत्येकाला त्याचं वाक्य दे आणि एकालाही दाराकडे पाऊल टाकू देऊ नकोस. शनिवारी तालमीला येतो. तोवर कापलेलं सगळं परत घाल. वेळेत बसत नसेल तर काय काढायचं ते मग भांडून ठरवू.

तुझा,
सर