मुलांना कंपन्यांशी जोडायचंय? पाहुणा नको, काम मागा

तुम्ही विचारलंय की कंपनीचे लोक वर्षातून एकदा येतात, भाषण देतात, पण मुलांच्या हाती काहीच लागत नाही; मग महाविद्यालयाने नेमकं करायचं काय?

माझ्या मते कंपनीकडे काम मागा आणि त्या कामासाठी एक माणूस मागा. करार एचआरशी होतो, पण शिकवणार असतो सुपरवायझर. त्याला आधी कुणी विचारलेलंच नसेल, तर मुलगा आठवडाभर कोपऱ्यात बसतो, मग झेरॉक्स काढतो आणि सर्टिफिकेट घेऊन परततो. फार वाईट वाटतं असं वाया गेलेलं बघून. म्हणून करारात सुपरवायझरचं नाव, त्याने आठवड्याला द्यायचा एक तास आणि मुलाने करायची तीन-चार कामं स्पष्ट लिहा. एक पान पुरतं.

दुसरी अडचण मुदतीची. महिन्याभरात मुलगा जरा रुळतो, तोच निघायची वेळ होते. कंपनीला निव्वळ ओझं. सलग तीन महिने तरी हवेत. तेवढे सलग जमत नसतील तर जोड्या लावा. अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांपासून हेच सुरू केलं: एक आठवडा वर्ग, एक आठवडा कारखाना. जोडीतला एक वर्गात असला की दुसरा कामावर, त्यामुळे कारखान्यातली जागा रिकामी राहत नाही. जर्मनीत व्यावसायिक प्रशिक्षणात बऱ्याचदा आठवड्याचीच वाटणी असते: साधारण तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले शाळेत, आणि मोबदला मिळतो. मोबदल्याचा आग्रह सोडू नका. फुकट काम ठेवलं की ज्यांना घरून पैसे मिळतात तेच जाऊ शकतात.

रोजची नोंद मुलांकडून लिहून घ्याच. ‘आज ड्रिलिंग केलं’ हे चालणार नाही. ‘४० नगांपैकी ३ नापास, भोक ०.२ मिमी मोठं, ड्रिलला धार नीट लागली नव्हती’ अशी नोंद हवी. मुलाखतीत हेच उपयोगी पडतं.

शिक्षकाची भेट दुसऱ्या आठवड्यात ठेवा, शेवटी नको. तेव्हा काम बदलून घेता येतं. जाताना मुलांच्या नोंदी सोबत न्या आणि सुपरवायझरला विचारा, ‘याला काय आधीच यायला हवं होतं?’ दहा जणांकडून तेच उत्तर आलं, तर पुढच्या सत्रात तो भाग प्रात्यक्षिकात घ्या.