वाचकांचे प्रश्न : लाल अक्षरांभोवतीची मळकट सावली

प्रश्न : मी घरूनच लग्नपत्रिकांची डीटीपीची कामे करते. कोरलड्रॉ या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये पिवळ्या जमिनीवरची कुंकवाच्या रंगाची अक्षरे अगदी रेखीव दिसतात. परंतु तीच पत्रिका जेपीईजी करून मोबाइलवर पाठवली, की अक्षरांभोवती मळकट सावली येते. क्वालिटी वाढवली, तर फाइल जड होते. माझे काय चुकते?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपले रेखाटन बरोबर आहे, जेपीईजीची निवड चुकली आहे. कोरलड्रॉमध्ये होते तशा व्हेक्टर चित्रात अक्षराची कड ही गणिताने मांडलेली वक्ररेषा असते, म्हणून ती कितीही मोठी केली तरी धारदार राहते. एक्सपोर्ट करताना मात्र तिचे मोजक्या पिक्सेलमध्ये, म्हणजे रंगाच्या ठिपक्यांमध्ये, रूपांतर होते. ५ × ७ इंचांची पत्रिका इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने १५०० × २१००, म्हणजे साडेएकतीस लाख पिक्सेलची होते आणि पिक्सेलमागे तीन बाइट धरले, तर माहितीचा ऐवज सुमारे साडेनऊ एमबी भरतो. तो कमी करण्यासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती दाबून लहान करणे, लागते.

जेपीईजीचे मानक १९९२ साली आले, ते छायाचित्रे डोळ्यांसमोर ठेवून. त्यात चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील बारीक चढउतार, डोळ्यांना जाणवणार नाहीत या भरवशावर, गाळले जातात. आकाशात, चेहऱ्यावर किंवा शालूच्या घडीत ते खपून जाते. परंतु लालावरून एकदम पिवळ्यावर जाणारी कड या बारीक चढउतारांवरच उभी असते, आणि ते गाळले की तिच्याभोवती तरंग उमटतात. आपल्याला दिसणारी सावली ती हीच. शिवाय अनेक प्रोग्रॅम उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र चार पिक्सेल मिळून एकच ठेवतात, त्यामुळे कुंकू हळदीत कालवल्यासारखे दिसते. पांढऱ्यावर काळी अक्षरे असती, तर हा दुसरा दोष जाणवलाच नसता.

सपाट रंगांच्या अशा पत्रिकेसाठी जेपीईजीऐवजी पीएनजी हा फाइलचा प्रकार वापरावा. त्यात काहीही गाळले जात नाही, आणि एकच रंग सलग पसरलेला असल्याने फाइल अनेकदा वरच्या क्वालिटीच्या जेपीईजीपेक्षा हलकी निघते. पत्रिकेवर वधूवरांचा फोटो असेल, तर जेपीईजीच सोयीचे. तेव्हा सबसॅम्पलिंगचा (वर सांगितलेल्या, रंगाची माहिती कमी ठेवण्याच्या रीतीचा) पर्याय दिसल्यास ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठेवणारा, निवडावा. मोबाइलवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडावी, नाहीतर संदेशाचे ॲप ती आपल्या परीने पुन्हा दाबते.

प्रश्न : सोसायटीच्या सूचनेचे जेपीईजी ए-४ कागदावर छापले, तर अक्षरे फुटतात. डीपीआयचा (इंचामागे किती ठिपके, याचा) आकडा ७२ चा ३०० केला, तरी फरक पडला नाही.
(एक वाचक, वाशी, नवी मुंबई)

उत्तर : तो आकडा नुसता बदलल्याने पिक्सेल वाढत नाहीत. ए-४ साठी इंचाला ३०० प्रमाणे २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. मूळ व्हेक्टर फाइल उघडून थेट त्या मापात पुन्हा एक्सपोर्ट करावे. छापखान्यात द्यायचे असेल, तर जेपीईजी न देता पीडीएफ द्यावी आणि फॉन्ट आधी कर्व्ह करावेत, म्हणजे अक्षरांचे नुसत्या वक्ररेषांच्या आकारांत रूपांतर करावे, कारण तिथे आपला फॉन्ट नसला, तर रफार आणि वेलांट्या कुठे जाऊन बसतील याचा नेम नसतो. कर्व्ह केलेल्या प्रतीत मजकूर टंकून दुरुस्त करता येत नाही, म्हणून ती वेगळ्या नावाने साठवावी.