सतरा शेकेलांचं शेत

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

नोकरी जाऊन आठ महिने झाले, बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि वर मंडळीतलं कुणी ना कुणी रोज यिर्मया 29:11, म्हणजे ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ हे बायबलमधलं देवाचं वचन, मोबाइलवर पाठवतं. ‘हिताचे संकल्प’ वाचून आता राग येतो, असं लिहिलंस. राग वचनावर काढू नकोस. ते तोडून पाठवतात, त्यावर काढ.

ते वचन एका पत्रातलं आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमातून धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला पाठवलेलं पत्र. अकराव्या वचनाच्या आधी दहावं आहे, आणि त्यात परतीआधीची सत्तर वर्षं आहेत. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. मग त्यांनी करायचं काय? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा ‘दोन वर्षांत सगळं परत येईल’ म्हणून छातीठोक सांगतो आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडतो. तो हे बोलला तेव्हा यिर्मया आधी काय म्हणाला, तर ‘आमेन’. त्यालाही तेच हवं होतं. फक्त देवाने तसं सांगितलेलं नव्हतं.

म्हणून आधी एक वही घे. डाव्या पानावर देवाने खरोखर दिलेलं अभिवचन लिही, अध्याय-वचनासकट. उजव्या पानावर आपण किंवा दुसऱ्या कुणी त्याला जोडलेली मुदत. ‘मी तुला सोडणार नाही’ डावीकडे, ‘मार्चपर्यंत नोकरी लागेल’ उजवीकडे. विश्वास बहुधा उजव्या पानावर मोडतो आणि आळ डाव्या पानावर येतो.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 13 घे. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत गाऱ्हाणं, त्यात ‘कोठवर’ चारदा. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा. आपलीही प्रार्थना याच मापात लिही, दोन-दोन ओळी, पंधरा मिनिटांत होते. लोक गाऱ्हाणं गिळून थेट पाचव्या वचनावर उडी मारतात आणि मग ती स्तुती त्यांची त्यांनाच खोटी वाटू लागते. एखाद्या दिवशी शेवटच्या दोन ओळी आल्या नाहीत तर जागा कोरी सोड. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

विलापगीत 3:23 मध्ये देवाच्या विश्वासूपणासाठी जो इब्री शब्द आहे, ‘एमुना’, तोच निर्गम 17:12 मध्ये मोशेच्या हातांसाठी येतो. अमालेक्यांशी लढाई चालली आहे, मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकतं, पण ते हात भरून आले आहेत. त्याच्या बुडाखाली धोंडा सरकवला, एका बाजूने अहरोनाने, दुसऱ्या बाजूने हूराने हात धरले, आणि सूर्यास्तापर्यंत हात ‘एमुना’ राहिले, म्हणजे स्थिर. तेव्हा दोन माणसं ठरव, पंधरा नकोत. एकाला डायलिसिसच्या वारी बाबांबरोबर बसायला सांग, म्हणजे मुलाखतीला जाता येईल. दुसऱ्याला दर बुधवारी फोन करायला सांग. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच सांगितलं की लोक मान हलवतात आणि विसरतात. वार आणि वेळ सांगितली की येतात.

आता शेताचं. यिर्मया 32. यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल अनाथोथचं शेत विकायला येतो. यिर्मया सतरा शेकेल, म्हणजे साधारण 200 ग्रॅम चांदी तोलून देतो. साक्षीदार, सह्या, एक मोहोरबंद खत आणि एक उघडं; आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकतील. हे सगळं उरकल्यावर तो देवापुढे येतो आणि शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, तरी तू मला शेत घ्यायला सांगितलंस, असं म्हणतो. आधी व्यवहार, मग कोडं. तुझ्यासाठी तो व्यवहार म्हणजे आठवड्याला तीन अर्ज, अर्धवट राहिलेला कोर्स, नाहीतर गच्चीवर कुंडीत मेथी. मन शांत होण्याची वाट पाहून मग सुरू करायचं, असं ठेवू नकोस.

दोन गोष्टी टाळ. नवस बोलू नकोस. अडचणीत बोललेला नवस पुढे देण्याघेण्याचा हिशोब होऊन बसतो. आणि ‘बी पेरा, दसपट मिळेल’ म्हणणाऱ्याला, तो व्यासपीठावरून बोलत असला तरी, बाबांच्या औषधांतला रुपया देऊ नकोस.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली किंवा जगणं नको वाटू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोबाइलमध्ये आजच घालून ठेव. एलिया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा दूताने त्याला आधी निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा कुंजा दिला, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं.

पुढच्या पत्रात उजवं पान तेवढं उतरवून पाठव. बाबांना सलाम.

तुझ्या काका-काकूंकडून