फराळाच्या ऑर्डरींसाठी आधी व्हॉट्सॲप, मग बाकीचं

ताई, दिवाळी फराळाच्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून एका दमात पाच ठिकाणी खाती उघडू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि चौकशा करणाऱ्यांना वेळेवर उत्तरंच देता आली नाहीत. अजून वाईट वाटतं.

व्हॉट्सॲप बिझनेसपासून सुरुवात करा. ॲप फुकट आहे आणि कॅटलॉगमध्ये चिवडा, लाडू, अनारसे फोटो आणि भावासकट लावता येतात. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा धाडायच्या, एका यादीत २५६ जण बसतात, पण निरोप पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. बऱ्याच जणींना हे ठाऊकच नसतं आणि गिऱ्हाईक रुसलं असं वाटत राहतं. म्हणून डब्यावर नंबर छापा, डबा हातात देतानाच तो गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या.

इन्स्टाग्राम नंतर, तेही नियमित व्हिडिओ काढणं झेपणार असेल तर. तेलात सोऱ्यातून पडणारी चकली अनोळखी माणसालाही थांबवते. फेसबुकवर फक्त तुमच्या भागातले ग्रुप धरा. लिंक्डइन तूर्त राहू द्या. कंपन्यांच्या भेटपेट्या करायला लागलात की बघू.

एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी मात्र आधी उरका. दसऱ्याच्या आत कॅटलॉगचे फोटो मला पाठवा, मी नजर टाकते.