विहिरीपर्यंतची वायर आणि निकामी होणारी पिन

प्रश्न : विहिरीतील पाणी तळाला गेले की मोटर बंद करणारे यंत्र मी अर्डुइनो उनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर तयार केले आहे. बोर्ड आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) असून फ्लोट स्विचची (पाण्याच्या पातळीनुसार तरंगून चालू-बंद होणाऱ्या स्विचची) सुमारे २०० फूट वायर मोटरच्या केबलला बांधूनच विहिरीपर्यंत नेली आहे. वळवाच्या पावसात दोनदा इनपुट पिन (स्विचचा संकेत घेणारी बोर्डाची पिन) निकामी झाली. बाकीचा बोर्ड मात्र चालतो. पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडल्यास पुरेसे होईल काय?
— एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : रेझिस्टर जरूर जोडावा, पण एवढ्या लांब वायरीला तो पुरणार नाही. उनोवरील एटीमेगा ३२८पी या चिपच्या पिनवरील व्होल्टेज पुरवठ्याच्या (इथे ५ व्होल्टच्या) वर किंवा शून्याच्या खाली ०.५ व्होल्टपेक्षा अधिक जाता कामा नये. तसे झाल्यास चिपमधील दोन बारीक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तो प्रवाह पुरवठ्याकडे किंवा ग्राउंडकडे वळवतात. मात्र ते हाताच्या स्थिर विजेसाठी आहेत, आभाळातल्या विजेसाठी नव्हेत. चुकून २४ व्होल्ट आले, तर १० किलोओहममधून जेमतेम २ मिलिअँपिअर वाहतील आणि पिन बहुधा वाचेल. जवळपास वीज कडाडल्यावर लांब वायरीत क्षणभर हजार व्होल्ट उमटले, तर तोच प्रवाह १०० मिलिअँपिअर होतो, आणि पाव वॅटचा साधा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतचाच असतो. शिवाय डायोडांनी वर वळवलेला प्रवाह बोर्डाच्या ५ व्होल्ट पुरवठ्याच्या ओळीत शिरतो. रेग्युलेटर प्रवाह देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही, त्यामुळे ती ओळच वर चढते.

म्हणून वायर आणि बोर्ड यांचा विद्युत संबंधच तोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टच्या वेगळ्या अ‍ॅडॅप्टरचा प्रवाह फ्लोट स्विच व २.२ किलोओहम रेझिस्टरमधून पीसी८१७ ऑप्टोकपलरच्या (तारेऐवजी प्रकाशाने संकेत पलीकडे पोचवणाऱ्या भागाच्या) एलईडीला द्यावा. तो सुमारे ५ मिलिअँपिअर होतो. एलईडीला उलट दिशेने १एन४१४८ डायोड आणि वायर जिथे पेटीत शिरते तिथे दोन तारांमध्ये १५ व्होल्टच्या आसपासचा, दोन्ही दिशांनी चालणारा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा अचानक झटका शोषून घेणारा डायोड) लावावा. ऑप्टोकपलरच्या दुसऱ्या बाजूच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर पिनला, एमिटर बोर्डाच्या ग्राउंडला आणि पिन १० किलोओहममार्फत ५ व्होल्टला जोडावी. दोन्ही बाजूंचे ग्राउंड एकत्र जोडले, तर हा सारा खटाटोप वाया जातो, आणि ही चूक फार जण करतात. वायर मोटरच्या केबलपासून दूर न्यावी.

मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेविषयी (विजेवर चालणाऱ्या स्विचविषयी) आपण काही लिहिलेले नाही, तरी तो थेट पिनवर नसल्याची खात्री करावी. ५ व्होल्टच्या लहान रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर ओढते, तर पिनची कमाल मर्यादा ४० आहे. ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड हवाच. तयार मॉड्यूलवर ही सोय बहुधा असते.

फ्लोट स्विच मात्र पाणी असताना जोडलेला राहील असाच निवडावा, म्हणजे उंदरांनी वायर कुरतडली तरी मोटर बंदच पडेल, कोरडी फिरणार नाही.