शास्त्रज्ञांचा स्वभावप्रकार ओळखताना
मायर्स-ब्रिग्ज पद्धतीत स्वभावप्रकार चार अक्षरांनी लिहितात; पहिलं अक्षर माणूस अंतर्मुख (आय) की बहिर्मुख (ई) ते सांगतं. शास्त्रज्ञ म्हटला की लगेच ‘आयएनटीपी’ (अंतर्मुख, विश्लेषक प्रकार) लिहू नका. ती पेशाची छाप असते, स्वभावाची नव्हे. आधी पत्रं, वह्या, सहकाऱ्यांच्या आठवणी वाचा आणि प्रत्येक अक्षरासाठी निदान ३ वेगवेगळे प्रसंग जमवा. नावावर फिरणाऱ्या वचनांवर मुळीच विसंबू नका. विजेवर संशोधन करणाऱ्या मायकेल फॅरेडेने १८२७ ते १८६० दरम्यान लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ख्रिसमस व्याख्यानांच्या (मुलांसाठीच्या विज्ञान व्याख्यानांच्या) १९ मालिका दिल्या, तेवढ्यावरून तो बहिर्मुख ठरत नाही. व्याख्यान हे त्याचं कामच होतं. आपल्या पुण्यातलं उदाहरण घ्या. जयंत नारळीकर मुलांना स्वाक्षरीऐवजी पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तर लिहीत. यात मुलांविषयी किती आस्था आहे! पण माध्यम लेखी, सवडीचं, म्हणून मी अंतर्मुखतेकडे झुकेन. पुरावा दोन्हीकडे सारखाच असेल, तर त्या जागी ‘एक्स’ लिहा.