आज किती आणे दुखतंय?

"ताई, तुम्ही आमच्याच भागातल्या, म्हणून लिहिते," अशी सुरुवात असलेलं पत्र आलं की मी आधी चहा टाकते. ते चार पानांच्या आत संपत नाही हा अनुभव आहे. हे टोरांटोहून आलंय. माहेर बेळगावच्या वडगावातलं, विणकराचं घर. आई एकाहत्तर वर्षांची. चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन, केमो, सगळं झालं. आता तो कण्यात आणि खुब्यात उतरलाय. घरी दादा-वहिनी बघतात.

पत्रात प्रश्न पाच. अमेरिकेतली नव्या उपचाराची एक ट्रायल, हळदीच्या कॅप्सूल, आईला सांगायचं की नाही, मुंबईला न्यायचं का आणि रजा कधी काढायची. त्यांच्याकडे येते. पण मला अडवलं ते तिसऱ्या पानावरच्या दोन ओळींनी, ज्या तू कंसात टाकून पुढे गेलीस:

"(आई हल्ली जेवायलाही बसत नाही, ओट्याला टेकून उभ्यानंच खाते. व्हिडिओवर विचारलं की 'बरं हाय की गं' म्हणते. तिचा स्वभावच तसा.)"

अगं, जन्मभर मागाशेजारी मांडी घालून कांड्या भरलेली बाई ती. ती जेवायला बसत नाही म्हणजे तिला बसवत नाही. हे तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस, लिहिलंस, आणि स्वभावाच्या खात्यावर टाकून ट्रायलच्या लिंककडे वळलीस. रागावू नकोस, आपण परदेशातली सगळीच असं करतो. लिंक आपल्या हातात असते, आईचा खुबा नसतो.

जुन्या वाचकांना एव्हाना कळलं असेल की मी आता वहीवर येणार. येतेच आहे.

आमचे अप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. १९९८ साली त्यांना घशाचा कॅन्सर निघाला, तो मानेत पसरलेला. मी न्यू जर्सीहून बारा दिवसांची रजा काढून धावत गेले. गेल्या गेल्या डॉक्टरांशी भांडले, एक स्कॅन पुन्हा करायला लावला, भावाला चार शब्द सुनावले, वहिनीच्या पथ्याच्या पेजेला नावं ठेवली आणि परत विमानात बसले. डॉक्टरांच्या जगात या प्रकाराला १९९१ सालीच नाव मिळालंय, 'कॅलिफोर्नियाची मुलगी'. लांबून येते, महिनोन्‌महिने सेवा करणाऱ्यांना शिकवते, सगळे उपचार जोरात करा म्हणते आणि निघून जाते. मी कॅलिफोर्नियाची नव्हते एवढाच काय तो फरक. त्या बारा दिवसांत अप्पांना नेमकं कुठे आणि कसं दुखतंय हे मी एकदाही विचारलं नाही.

ते विचारलं वहिनीनं. तिचं माहेर संकेश्वरचं, शाळा सातवीपर्यंत. अप्पांचा आवाज गेला होता. तिनं त्यांच्या उशाशी त्यांचीच जुनी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणून ठेवली, लाल कापडी पुठ्ठ्याची. आणि दिवाणजीच ते! जमेच्या बाजूला औषध, नावेच्या बाजूला दुखणं लिहायला लागले. "रात्री २. उजव्या कानामागे आग. बारा आणे. ४ पर्यंत." खाली तारीख, आडवी रेघ.

डॉक्टर धारवाडकडचे. तोवर ते "दुखतंय" एवढंच ऐकत होते आणि त्याच गोळीचा डोस वाढवत होते. ते पान वाचून त्यांनी वहिनीला विचारलं, "आग अंद्रे, उरी?" ती म्हणाली, "हौदु, उरी," म्हणजे हो, जळजळ. त्यांनी मज्जातंतूच्या दुखण्यावर चालणारी एक लहानशी गोळी रात्रीला जोडून दिली. आठवड्याभरात कीर्दीत "चार आणे" दिसायला लागलं आणि रात्री दोनची नोंद गायब झाली.

म्हणून म्हणते, वही. दोनशे पानी, शिवलेली. फोनमधलं ॲप नको, ते वहिनीच्या हातात राहत नाही.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघ, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असू शकतो. आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी चमक जाते, हे बहुतेकदा नस दाबल्याचं किंवा दुखावल्याचं लक्षण, त्याला साधी पेनकिलर पुरत नाही, गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखं औषध जोडावं लागतं. पोटात कळ येऊन जाते, ते आतड्याचं. एका जागी खोल ठणका, बसलं-वळलं की वाढणारा, ते हाडाचं. तुझ्या आईचं हेच वाटतंय, आणि हाडाच्या ठणक्यावर रेडिएशन फार चांगलं चालतं. पुष्कळदा एकाच बैठकीचं पुरतं, गुण यायला मात्र दोनेक आठवडे लागू शकतात. हा प्रश्न दादानं डॉक्टरांना विचारलाय का? पत्रात तरी नाही.

बेळगावात आणखी एक अडचण, ती तुला-मला सांगायला नको. नर्स गदगची किंवा बागलकोटची. ती बिचारी आपुलकीनं विचारते, "नोवु इदेया?", दुखतंय का? आई म्हणते, "स्वल्प." आता आईला कन्नड येतं, पण ते बाजाराचं, शेजारणीशी बोलण्यापुरतं. चमक आणि ठणका यांतला फरक तिला त्यात सांगता येत नाही, आणि केसपेपरवर चढतं 'थोडं दुखतंय'. यात सीमावाद आणू नका, नर्सचा काही दोष नाही. वहीत आईचा मराठी शब्द जसाच्या तसा लिहा आणि खाली कुणाकडून तरी कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत एक ओळ लिहून घ्या. तेवढं काम तुझा भाचा करेल, दहावीत आहे म्हणालीस ना.

आता आणे. डॉक्टर शून्य ते दहा विचारतात. आपल्या आया त्यावर जन्मात खरं सांगत नाहीत, सगळ्या चारवर थांबतात, जास्त मागितलं तर कुणाचं कमी पडेल अशा बेतानं. चार आण्याचं नाणं २०११ साली बंद झालं, तरी या पिढीच्या बोलण्यातून आणे गेलेले नाहीत. "आई, सोळा आण्यांतलं आज किती?" विचारून बघ. बारा आणे म्हणाली तर समज की औषध कमी पडतंय आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचंय.

मग येतं दादाचं वाक्य, तू जसंच्या तसं दिलंयस: "मॉर्फिन नको, सवय लागते, आणि ते शेवटचं औषध असतं." तीन चुका एका दमात, आणि बिचारा प्रेमापोटीच करतोय. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्याला व्यसन लागणं विरळा. शरीराला त्याची सवय होते एवढं खरं, म्हणून एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. आणि ते शेवटचं औषध मुळीच नाही, दुखणं जोरात असेल तेव्हाचं औषध आहे. लोक ते घेऊन वर्ष-वर्ष हिंडतात-फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच सांगितलंय की शक्यतो तोंडावाटे द्या आणि घड्याळाप्रमाणे द्या. साधी गोळी असेल तर दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. अधेमधे उसळलं तर वरून किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस झोप येईल, मळमळेल, ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ व्हायचं औषध सुरू हवं, आणि ते इसबगोल नव्हे. पाणी कमी पिणाऱ्या, मॉर्फिनवरच्या माणसाच्या पोटात इसबगोलाचा गोळाच बसतो. आमच्याकडे हा पराक्रम मीच फोनवरून केला होता.

गल्लीतल्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळालं नाही म्हणून ते मिळतच नाही असं समजू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं ते इतक्या परवान्यांत अडकवलं होतं की साध्या हॉस्पिटलांनी नाद सोडला होता. २०१४ साली कायदा बदलला, आता मान्यता मिळालेल्या संस्थांना ते ठेवता येतं. मोठ्या हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग, कुठे आहे विचारा. तो विभाग नसेल तर भूलतज्ज्ञांची पेन क्लिनिक असते का बघा. आणि टोरांटोहून पार्सलनं असलं काही पाठवू नकोस, कस्टममध्ये अडकशील.

पॅलिएटिव्ह म्हटलं की दादा म्हणेल, "म्हणजे हात टेकले." त्याला हे सांग. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातला, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली छापून आला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवाही मिळाली, त्यांचे दिवस तर बरे गेलेच, शिवाय तीव्र उपचार कमी होऊनही त्यांतले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे ८.९ महिन्यांहून. केमो चालू असतानाच ही मंडळी हवीत.

एक गोष्ट मात्र वहीत लिहीत बसायची नाही. पाठीचं दुखणं अचानक वाढलं आणि पाय लुळे वाटायला लागले, कमरेखाली बधिर झालं, किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला, तर रात्र असो की दिवाळी, त्याच घटकेला हॉस्पिटल. कण्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असते. एका दिवसाच्या उशिरानंही पाय कायमचे जाऊ शकतात. हे वहिनीला फोनवर सांग, आणि तिच्याकडून उलट म्हणून घे.

वही वहिनीकडेच राहू दे. डॉक्टरांपुढे बोलणार दादा, पण रात्री उठणारी ती. तिला सांग, आत गेल्यावर काही बोलू नको, नुसतं पान पुढे कर. ओपीडीतल्या त्या पाच मिनिटांत लिहिलेलं पान नाकारणारा डॉक्टर मी तरी पाहिला नाही. आणि तुझ्या चार पानांत वहिनीचं नाव दोनदाच आलंय, तेही "तिला नीट जमत नाही" अशा अर्थानं. बघ बाई.

पहिल्या पानावर दुखणं लिहायचं नाही. दुखणं आटोक्यात आलं तर आईला काय करायचंय, ते लिहायचं. अप्पांना वखारीच्या ओट्यावर बसून माल उतरताना बघायचं होतं. अर्धा तास आधी गोळी दिली, रिक्षात उशी ठेवली. तासभर बसले. एका गाडीचं वजन चुकलं ते त्यांनी बोटांनी दाखवलं.

आता तुझे पाच प्रश्न. ट्रायलचं आईच्या डॉक्टरांना विचार, रिपोर्ट त्यांच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. हळदीच्या कॅप्सूल चालू असतील तर त्यांना दाखव, हळद आमटीत राहू दे. मुंबईला एकदा रिपोर्ट पाठवून दुसरं मत घ्या, पण खुब्यात कॅन्सर असलेल्या बाईला रात्रीच्या बसनं नेऊ नका. पैशाचं म्हणशील तर कर्नाटकाची आरोग्य योजना आहेच, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्रानं २०२३ साली जाहीर केलं. त्यावरचं राजकारण बाजूला ठेवून हॉस्पिटलच्या डेस्कवर दोन्ही विचारा.

आईला सांगायचं की नाही? केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटा रिकाम्या होताना पाहिलेल्या बाईपासून तुम्ही काय लपवताय? सांगू नकोस, विचार: "आई, डॉक्टर काय म्हणाले ते तुला ऐकायचंय का?" ती ठरवेल.

रजा आत्ता काढ. नंतरच्या तेरा दिवसांसाठी राखून ठेवू नकोस.

आणि रजा मिळेपर्यंत रात्रपाळी तुझी. बेळगावात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तुझ्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेतीन असतात. दादा-वहिनी दमून झोपलेले, आई जागी. तिच्या उशाशी फोन ठेवायला सांग, आवाज बारीक करून. दिवसा सगळ्यांसमोर व्हिडिओवर ती "बरं हाय की" म्हणणारच. रात्री दोनला नुसत्या आवाजावर म्हणणार नाही. आधी तिच्या शेजारणीची, मागाची, नाहीतर पाण्याच्या नळाची चौकशी कर, मग आणे विचार आणि लिहून घे. सकाळी वहिनीला वहीत उतरवायला पाठव.